तिसऱ्या हाकेपर्यंत

आज सकाळी धुकं पुन्हा स्वयंपाकघरात शिरलं. खिडकी मीच उघडी ठेवली होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? आधी ते ओट्यावर रेंगाळलं, मग फडताळाच्या कडेनं वर चढलं. चहाच्या वाफेत मिसळल्यावर वाफ कुठली आणि धुकं कुठलं हे कळेनासं झालं. मी गॅस बारीक केला आणि खिडकी लावून घेतली. पाऊस मला आवडतो, ओढ्याचा आवाज आवडतो, हिरवा रंग तर इतका अंगवळणी पडलाय की उन्हाळ्यात डोळे उपाशी राहतात. धुक्याशी मात्र माझं जमत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, लोक लांबून लांबून धुकं बघायला लोणावळ्यात येतात आणि तू खिडक्या लावत बसतेस. मी हसून विषय बदलते.

आमचं घर औंढ्यात. लोणावळ्याहून येणारी वर्दळ पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरही सांडते, भजी आणि कणसं खाऊन परत जाते. त्यांच्या फोटोंमध्ये जे धुकं दिसतं ते बाहेरचं. आतलं धुकं आम्हाला माहीत. मिठाचं पाणी होतं, दारं फुगून चौकटीत अडकतात, कपाटातल्या कमरेच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते, आणि धुतलेले कपडे वाळतच नाहीत, नुसते जुने होतात. विजेच्या वस्तूंना तर ओल लागली की आपापली मतं फुटतात. शेजारच्यांच्या दाराची बेल श्रावणात आपोआप वाजते. आता सगळ्यांना ती ओळखीची झालीय, त्यामुळे दार उघडायला कुणी उठत नाही. खरंच कुणी पाहुणा आला तर तो बिचारा कडी वाजवतो.

मी तळेगावची. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात मला वाटलं, सासरची माणसं बहिरी आहेत. हाक मारावी तर कुणी वळायचंच नाही. 'अहो' म्हटलं तर संतोष, म्हणजे माझा नवरा, ढिम्म. 'आत्याबाई' म्हटलं तर सासूबाई चुलीपाशी तशाच पाठमोऱ्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. शेवटी मी वैतागून तिसऱ्यांदा हाक मारायची आणि मग घरभरातून एकदम 'काय गं?' यायचं, जणू काही झालंच नाही.

मग एकदा आत्याबाईंनीच मला समजावलं. 'धुक्यात पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. दुसऱ्या हाकेला पन न्हाई. तिसरी आली तर आपलं मानूस. त्याला तिसरी जमत न्हाई.'

'त्याला म्हणजे कुणाला?'

'त्याला म्हंजे त्याला. नाव कळलं की काय पत्र धाडनारेस?' त्या म्हणाल्या. 'आनि तिन्ही हाका एका जागी हुबं ऱ्हाऊन मारायच्या. मानूस थांबून बोलावतंय. ते फिरत फिरत बोलावतंय.'

मी शिक्षिका आहे. मुलांना धुकं कसं तयार होतं ते फळ्यावर चित्र काढून शिकवते. मी मनातल्या मनात हसले. पण दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत मीही उंबऱ्यावर उभी राहून संतोषला जेवायला तीनदा बोलावू लागले, मध्ये नीट दम घेऊन. आत्याबाईंनी मोबाइल आला तरी नियम सोडला नाही. पहिल्यांदा फोन वाजला की त्या नुसत्या बघतात. नातेवाईक सरावलेत, ते लागोपाठ तीनदा करतात. आमच्या शाळेत हजेरी घेताना औंढ्याची पोरं पावसाळ्यात लगेच ओळखू येतात. 'हजर' म्हणायच्या आधी ती खिडकीबाहेर बघून घेतात.

गौरी, आमची एकुलती एक लेक, याच वळणात वाढली. बोलायला लागायच्या आधी ती थांबायला शिकली.

ती दुसरीत होती त्या पावसाळ्याची ही आठवण आहे.

संतोष टेकडीवरच्या दोन-तीन बंगल्यांची देखभाल करतो. पाहुणे आले की चाव्या, पाणी, गॅस, आणि जेवण हवं असेल तर आत्याबाईंच्या हातच्या भाकरी आणि रस्सा. पाहुणे गेले की खोल्या झाडायच्या. लोक काय काय विसरून जातात ते बघितलं तर हसू येतं. चार्जर, एकाच पायातली चप्पल, पोहायचे चष्मे, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ती कवळी न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा तो माणूस घरी गेल्यावर काय खात असेल याची आत्याबाईंना कितीतरी दिवस काळजी होती. या वस्तूंसाठी घराचा एक नियम आहे. पिशवीत घालून खुंटीला टांगायच्या आणि दिवाळीपर्यंत वाट बघायची. तोवर वस्तू त्यांची. वापरली तर चालते, मोडायची नाही, बदलायची नाही.

त्या आषाढात वरच्या बंगल्यातून एक खेळ आला. वरचा बंगला म्हणजे आमच्या शेताच्या वर, चढाच्या टोकाला आहे तो. भाकरीएवढी गोल, जाड, निळ्या प्लास्टिकची वस्तू. मधोमध खोलगट वाटी, कडेला चार रंगांचे चार दिवे, पोटात सेल. सोबत दोन फासे, नेहमीपेक्षा जड. वाटीत पडले की किती पडले ते यंत्राला आपोआप कळायचं. खेळ सोपा होता. यंत्र एक आकडा सांगायचं आणि एका खेळाडूला नावानं हाक मारायचं. ज्याचं नाव येईल त्यानं तो आकडा पडेपर्यंत भराभर फासे टाकत राहायचं. तोवर टिकटिक चालू. आधी सावकाश, मग घाईची, मग छातीत धडधड व्हावी इतकी भरभर. आकडा पडला की श्वास घ्यायच्या आत पुढची हाक. टिकटिक संपली की कर्कश भोंगा, आणि तुमचा दिवा विझला. शेवटपर्यंत ज्याचा दिवा पेटलेला तो जिंकला.

खेळाडूंची नावं त्यात आधीच भरलेली होती. कुणा बाईनं आपल्या आवाजात एकेक नाव बोलून ठेवलं होतं. पप्पा, मम्मा, कबीर आणि इरा. ती पुसून आपली भरायची सोय असणारच. संतोषनं यंत्र उलटं करून बटणं चाचपायला सुरुवातही केली, पण आत्याबाईंनी त्याचा हात धरला.

'खेळा काय खेळायचं ते. पन त्येंची नावं पुसू नका. उद्या न्यायला आले तर काय सांगशील, तुमची पोरं पुसली म्हनून?'

नियम तो नियम. आम्ही आमची नावं भरण्याऐवजी त्यांची नावं घेतली. संतोष पप्पा झाला, मी मम्मा झाले. गौरीनं इरा घेतलं. राहता राहिला कबीर, तो आत्याबाईंच्या वाट्याला आला. नऊवारीचा काष्टा सावरत, तपकिरीची डबी कमरेला खोचून फासे हातात घेतलेला तो कबीर बघून संतोष हसता हसता आडवा पडला.

'कबीर,' यंत्र म्हणालं.

आत्याबाई हलल्या नाहीत. टिकटिक सुरू झाली.

'आजी, टाक ना. तुझं नाव आलं.'

'आयकलं की. अजून दोनदा बोलवू दे.'

भोंगा वाजला. आत्याबाईंचा दिवा विझला. 'ह्येला धीर न्हाई,' असं म्हणून त्या दूध बघायला उठल्या. रोज खेळायला बसायच्या आणि रोज पहिल्याच हाकेला बाद व्हायच्या. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायच्या.

तो महिना आठवला की मला अजून उकडलेल्या शेंगांचा वास येतो. पावसानं शाळेला सुट्टी मिळायची, वीज गेलेली असायची, आम्ही पडवीत घोंगडी टाकून बसायचो. मध्ये ते निळं यंत्र, त्याचे दिवे आमच्या हनुवट्यांवर पडलेले. समोर भाताची खाचरं, लावणी होऊन पंधरवडा झालेली. थोड्या वेळानं खाचरं दिसेनाशी व्हायची. मग बांध, मग अंगणातली तुळस. धुकं पायरीपर्यंत येऊन थांबायचं. आत फासे खडखडायचे.

गौरीही सुरुवातीला आजीसारखी थांबायची आणि हरायची. एकदा तर रडली. मग तिनं ठरवलं. आठवड्याभरात तिचा हात असा बसला की 'इ' पुरता उच्चारलाही जायच्या आत फासे वाटीत. संतोषला तिचं कौतुक, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. आमच्या शाळेतली मुलं उत्तर येत असूनही हात वर करायला वेळ लावतात आणि शहरातली मुलं त्यांच्या पुढे निघून जातात, हे मी रोज बघते. आपल्या लेकीच्या अंगात थोडी चपळाई यावी असं कुठल्या आईला वाटणार नाही?

फक्त ती चपळाई 'इरा' या नावापुरती होती. 'गौरी' म्हटलं की ती अजूनही तिसऱ्या हाकेलाच यायची.

त्या चार नावांतलं ते एक नाव वेगळं होतं. 'पप्पा' म्हणताना ती बाई चिडवत होती. 'मम्मा' म्हणताना स्वतःलाच हाक मारायची वेळ आली म्हणून हसली होती. 'कबीर' हे दटावल्यासारखं होतं. 'इरा' मात्र जवळून बोललेलं नव्हतं. ती लांबून मारलेली, लांबवलेली हाक होती, 'इराऽऽ', आणि तिच्या मागे पाऊस होता. पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा. हाक संपली की त्या बाईनं पुन्हा बोलावण्यासाठी दम घेतल्यासारखा एक आवाज यायचा, आणि नेमकी तिथंच टिकटिक सुरू व्हायची. बाहेर आमचा पाऊस पडत असायचा आणि यंत्रात तो दुसरा. खेळाच्या गडबडीत कुणाला सुचलं नाही, पण एकदा ते माझ्या कानावर पडल्यावर मला तेवढंच ऐकू यायला लागलं.

'आई, इरा लांब राहते का?' गौरीनं एकदा शेंगा सोलता सोलता विचारलं.

'कुठली इरा?'

'जिला बोलावतात ती. मी नुसती तिच्या जागी खेळते.'

संतोषनं त्या पाहुण्यांना फोन लावून बघितला होता. आधी नुसता वाजत राहायचा. मग तो नंबरच लागेनासा झाला.

श्रावण लागला आणि धुकं दिवसभर मुक्कामाला राहू लागलं. यंत्रालाही ओल लागली. खुंटीवरच्या पिशवीतून ते अधूनमधून आपोआप बोलायचं. आकडा नाही, टिकटिक नाही, फक्त 'इराऽऽ'. सेल काढावे तर झाकणाचा स्क्रू गंजून बसलेला. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात तसं संतोषनं ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. ओल निघेल म्हणाला. मी दुपारी भातासाठी डबा उघडला, मापटं आत घातलं, आणि तांदळाखालून हाक आली. दबलेली, पण सगळी. पाऊस, हाक, आणि पुढचा दम.

माझा हात तसाच राहिला. आत्याबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आणि बाहेर पडवीतून गौरी म्हणाली, 'ओ.'

खेळात हाकेला फासे टाकायचे असतात, ओ द्यायची नसते. तिनं ती पहिल्यांदा दिली होती. पहिल्याच हाकेला.

'आता ते बोलकं डब्यातच ऱ्हाऊ दे,' आत्याबाई म्हणाल्या. 'कुनी खेळायचं न्हाई.' त्यांनी गौरीला जवळ घेऊन काहीतरी समजावलं. गौरी फुरंगटली, मग विसरल्यासारखी झाली. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि वर खलबत्ता ठेवला. स्वतःचंच हसू आलं, तरी काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारची दुपार. संतोष गाडीच्या कामाला कामशेतला गेला होता. आत्याबाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी मुलांचे निबंध तपासत होते. गौरी पडवीत कागद कापत होती, कात्रीचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. आवाज थांबल्याचं लक्षात यायला मला वेळ लागला. उठून बघितलं तर पडवीत कात्री, कागदाचे कपटे, आणि पायरीवर तिच्या चपला. पायरीच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं.

मी आधी तांदळाचा डबा उघडला. मला वाटलं, पोरीनं ते यंत्र नेलं असणार. खलबत्ता जागेवर होता. यंत्रही आतच होतं, तांदळात, गप्प.

आमच्या खाचरांच्या खाली ओढा आहे. एरवी गुडघाभर पाण्याचा, श्रावणात त्याच्या जवळ मोठी माणसंही जात नाहीत. त्याच पावसात कुणाची तरी धडधाकट म्हैस तिथून वाहून गेली होती. मी दारातून ओरडले, 'गौरी', आणि पळाले. गोठ्यापाशी ओरडले. आंब्यापाशी ओरडले. बांधावर ओरडले. मागून आत्याबाई पदर खोचून धापा टाकत येत होत्या. कुठूनही काही नाही. ओढा तेवढा गरजत होता आणि धुक्यात तो कुठल्या बाजूला आहे हेही नीट कळत नव्हतं. मला त्या वेळी माझा आवाज माझ्याच तोंडापुढे पडतोय असं वाटत होतं.

बांधाच्या टोकाला वाट फुटते. एक खाली ओढ्याकडे, दुसरी वर बंगल्याकडे. तिथं मला ते सुचलं. मला ते नाव घ्यायचं नव्हतं. माझ्या लेकीला मी दुसऱ्या कुणाच्या लेकीच्या नावानं का बोलवावं? पण त्या नावाला ती लगेच येते हे मला माहीत होतं, आणि तेव्हा मला फक्त ती हवी होती.

'इराऽऽ,' मी हाक मारली. अगदी त्या बाईसारखी. मी तशी मारायची ठरवली नव्हती, तशीच निघाली.

'ओ.'

वरून आली. स्वच्छ, लहान मुलीची.

आत्याबाईंनी उभ्या जन्मात पहिल्या हाकेवर भरवसा ठेवला नव्हता. पण ती ओ ऐकल्यावर त्या सगळं विसरल्या आणि 'आले गं बाय' म्हणत वरच्या वाटेला लागल्या. दोन पावलांत धुक्यानं त्यांना झाकलं. मीही त्यांच्या मागे पाय उचलला आणि बांध फुटलेल्या जागी माझा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. ओढला तर अजून खोल. मी तिथंच अडकले. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पुन्हा हाक मारली, या वेळी तिच्या खऱ्या नावानं.

'गौरी.'

'ओ,' वरून आली. लगेच. आधीपेक्षा जवळून.

पावसाळ्यात माझ्या मुलीनं स्वतःच्या नावाला पहिल्या हाकेत कधी ओ दिलेली नव्हती.

'गौरी,' मी दुसऱ्यांदा म्हणाले. माझा आवाज फाटला होता.

'ओ.' आता बांधाच्या अगदी पलीकडून. खेळात जिंकल्यावर गौरी हसते तसं त्यात हसू होतं.

मी डोळे मिटले आणि जमेल तितक्या जोरात तिसरी हाक मारली. वर काही नाही. धुकं जसंच्या तसं. आणि मग खालून, ओढ्याच्या अंगानं, अभ्यासाला बोलावल्यावर देते तशी कंटाळलेली, लांबलेली, 'ओऽऽ'.

ती माझी होती.

पाय कसा निघाला मला आठवत नाही. चप्पल अजून त्या चिखलात असेल. ओढ्याच्या काठी कपडे धुवायचा मोठा दगड आहे, त्यावर गौरी पाय पोटाशी घेऊन बसली होती. पाणी दगडाच्या तीन बाजूंना चढलं होतं. मी तिला उचललं तेव्हा ती थरथरत होती, पण रडत नव्हती.

'किती हाका मारल्या मी. ओ का देत नव्हतीस?'

'तू पळत पळत बोलवत होतीस,' ती म्हणाली. 'दर वेळी नवीन जागेवरून. मला वाटलं तू नाहीसच.'

मला तिच्यावर रागावता आलं नाही. तिला शिकवलं होतं तेच तिनं केलं होतं, आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी पळत सुटलो होतो.

'मग इथं कशाला आलीस?'

'इराची आई बोलवत होती. ती पण चालत चालत बोलवत होती, म्हणून मी ओ नाही दिली. नुसतं बघायला आले.'

'आणि आत्ता मी इरा म्हणून हाक मारली, तेव्हा तू ओ दिलीस?'

'नाही,' गौरी म्हणाली. 'ती हाक तिला होती ना.'

आत्याबाई बऱ्याच वेळानं वरून आल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. त्यांनी गौरीच्या तोंडावरून हात फिरवला, हातपाय धुतले आणि वालांपुढे जाऊन बसल्या. वर काय दिसलं ते मी विचारलं नाही. दिवेलागणीला संतोष आला, त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, डोंगरात आवाज घुमतो. घुमतो हे खरं आहे. मग आत्याबाई सोललेल्या वालांकडे बघत म्हणाल्या, 'त्या खेळवाल्या पावन्यांनी चार ताटं सांगितलेली. मीच करून दिली. एक ताट भरलेलं तसंच परत आलं. मला वाटलं, पोरगं खानार न्हाई, शहरातलं हाय.'

'आई, ते तिघंच होते,' संतोष म्हणाला. 'नवरा, बायको आणि एक मुलगा. चाव्या मीच दिल्या होत्या.'

दिवाळीची वाट कुणी बघितली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यासारखं झालं तेव्हा संतोषनं यंत्र तांदळातून काढलं आणि वरच्या बंगल्यात जिथं सापडलं त्याच कपाटात ठेवून आला. त्या सालापासून तो बंगला बंद आहे. मालकांचं आपसात काहीतरी बिनसलंय म्हणतात. यंत्र अजून तिथंच असणार. सेल तरी आता संपले असतील.

पावसाळे येतात. भजीच्या गाड्या लागतात, कार्ल्याच्या फाट्यापर्यंत वाहनं तुंबतात, भात लावून होतं. आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे तीन हाकांवर भागत नाही. गौरी आठवीत गेली. तिच्या मोबाइलवर दिवसभर कुणी ना कुणी टुंग करून बोलावतं आणि ती लगेच उत्तर देते. आजीच्या नियमाला हसते. मात्र धुकं पायरीपर्यंत आलं की ती अजूनही पहिल्या हाकेला ओ देत नाही. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही.

मी मात्र त्या बाईबद्दल विचार करते. वर्गात मुलं लिहीत असतात, बाहेर डोंगर पुसला गेलेला असतो, आणि मला त्या यंत्रातली तिची हाक ऐकू येते. ती खेळासाठी बोललेली नव्हती, याची मला आता खात्री आहे. यंत्र चालू राहिलं असेल आणि ती खरंच कुठल्यातरी दारात उभी राहून मुलीला बोलावत असेल. पुढच्या हाकेसाठी तिनं दम घेतला, आणि यंत्रानं तेवढ्यावर कापलं. मग आमच्याकडे माणसं तिघंच आली, चार ताटं सांगितली, आणि दर खेळाला तिला तिची स्वतःचीच हाक ऐकू आली. तिनं ते यंत्र विसरून ठेवलं, की मुद्दाम ठेवलं? मला तिची दया येते. तिची भीतीही तितकीच वाटते.

आज संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी पडवीत बसले होते. सकाळचं धुकं गेलंच नव्हतं. गौरी दप्तर टाकून पायरीवर येऊन उभी राहिली. बराच वेळ ती बांधाकडे, म्हणजे जिथं बांध असायला हवा तिकडे, बघत होती.

'आई, तिला कधी कुणी नीट बोलावलंच नाही गं,' ती म्हणाली.

कुणाला, असं मी विचारलं नाही.

'त्या यंत्रात एकच हाक होती. तिची आई चालत चालत बोलवायची. तूही एकदाच बोलावलंस. एका जागी उभं राहून तीनदा, असं कुणीच नाही. मग ती कशी येणार?'

मी काही बोलायच्या आत तिनं तोंडाशी हात नेले. 'इराऽऽ.'

काही आलं नाही. ओढा वाहत होता. गौरीनं नीट दम घेतला, आजीनं शिकवला तसा, पाय जागचे न हलवता.

'इराऽऽ.'

काहीच नाही. गौरीनं माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा उतरला होता, तिला वाटलं असावं की तिथं आता कुणी नाही. पण मी बांधावर चिखलात उभी राहिलेली बाई आहे. तेव्हा माझी हाक संपते न संपते तोच ओ आली होती. आज दोन हाका झाल्या तरी वरून हूं की चूं नाही. ज्याला तेव्हा थांबता येत नव्हतं, ते आज आमच्या घरातल्या पोरीसारखं थांबलं होतं, हाका मोजत.

मला त्या मुलीचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण माझ्या घरात एकाच मुलीची जागा आहे. गौरीनं तिसऱ्या हाकेसाठी छाती भरून श्वास घेतला, आणि मी उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.